प्याल्याचा रविवार

तुमसरला भैय्यालालच्या दुकानात मनुका नव्हत्या, आणि कौशल्याबाई काही पायरी सोडायला तयार नव्हती.

"माय, नाही म्हटलं ना," भैय्यालाल म्हणाला. तो गादीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता. "रेल्वेवाले संपावर बसले. सवारी गाडी नाही, मालगाडी नाही. मिठाचं पोतं येऊन नाही राहिलं, अन् तुले मनुका पायजेत!"

"पावभरच दे ना गा बाप्पा. दर बारीले देतेस."

"अवो, पाव काय, तोंडात टाकाले एक नाही. येवढं कोनाचं लगन हाये?"

"लगन नाही. रविवारी आमचा प्याला हाये."

भैय्यालालनं पुठ्ठा खाली ठेवला. वीस वर्षं तो या म्हातारीसाठी वर्षातून दोनदा काळ्या मनुका बाजूला काढत आला होता. ख्रिस्ती लोक त्यांचं करतात काय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. म्हातारी एकेक दाणा निवडून घेते आणि एकही तोंडात टाकत नाही, एवढं त्यानं पाहिलं होतं. अशा गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं आतून गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला.

"पानी पे अन् जाय. संप सुटला का पयले तुहीच पुडी बांधतो."

"कवा सुटन संप?"

"ते काय मले सांगून बसले का वो!"

कौशल्याबाईनं आणखी चार दुकानं पालथी घातली. मे महिन्याचं ऊन डोक्यावर, पायाखाली फुफाटा. चारही ठिकाणी नाहीचा पाढा. एका दुकानदारानं तर 'मनुका नाहीत, खारका ने' म्हणून सांगितलं. खारकेचा रस काढायचा कसा, हे तेवढं त्यानं सांगितलं नाही.

तिचं गाव चिंचटोली, चिखल्याच्या खाणीपासून कोसभर आत. टोलीत अकरा घरं ख्रिस्ती, प्रेस्बिटेरियन मंडळीची. एवढा लांब शब्द कोणी तोंडात घोळवत बसत नसे. गाव त्यांना मिशनवाले म्हणे, आणि तेही स्वतःला तेच म्हणत. कवेलूंच्या छपराचं एक प्रार्थनाघर, सहा बाकं, एक मेज, आणि गोऱ्या साहेबाच्या काळचा एक कल्हईचा प्याला, एवढी मंडळीची इस्टेट. कारभार तीन वडील पाहत. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेले पंच. त्यांत गोमाजी थोरला आणि कडक. पाळक भंडाऱ्याला राहत आणि दहा गावांच्या मंडळ्या एकट्यानं सांभाळत, म्हणून प्रभुभोजन वर्षातून दोनदाच होई, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर. त्या दिवशी भाकरीचा तुकडा आणि तो एकच प्याला हातोहात सगळ्यांमधून फिरे. प्याल्यातला मनुकांचा रस तीस वर्षं कौशल्याबाईच्या हातचा होता.

दारूचा थेंब मंडळीला वर्ज्य. साहेबाच्या काळी त्यांच्या बापांनी हात वर करून शपथच घेतली होती, की दारू पिणार नाही, गाळणार नाही आणि जिची दारू होते ती मोहफुलं वेचणारही नाही. चैतात सगळी टोली पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेली असे. मिशनवाल्यांच्या बाया त्याच वाटेनं, फुलं चुकवत, खाली मान घालून पाण्याला जात. जंगलानं घरापुढं आणून टाकलेलं सोडून द्यायचं म्हणजे लोक हसायचेच. हसोत बापडे. पन्नास वर्षांत कोणी वाकलं नव्हतं.

पण यंदाचा प्याला नेहमीसारखा नव्हता. कौशल्याबाईचा एकुलता एक जागेश्वर खाणीत उतरायचा. दिवसभर खाली अंधार, आणि वर आलं की फाटकापासून हाकेच्या अंतरावर दारूचा अड्डा. तीन वर्षांपूर्वी तो प्रभुभोजनाला पिऊन आला, तोल गेला, आणि भाकरीच्या ताटासकट मेजावर आडवा झाला. वडिलांनी त्याला मेज बंद केलं. प्रार्थनेला यायचं, मागच्या भिंतीशी बसायचं, प्याला फिरू लागला की हात मांडीवर ठेवायचे. त्याची बायको शकुन तान्ह्या पोरीला घेऊन बपेऱ्याला माहेरी गेली. जाताना उंबऱ्यात उभी राहून सासूला म्हणाली, "मामीजी, ज्या दिवशी याले मेजावर घेतीन त्या दिवशी मी येईन. तवरोक कोनी बलवाले येऊ नोका."

तरी पठ्ठ्याला शुद्धीवर यायला दोन वर्षं लागली. गेल्या आषाढात एका सकाळी त्यानं सोडली ती सोडली. अकरा महिने झाले होते. वडिलांनी होळीनंतर ठरवलं, की मे महिन्यात त्याला परत घ्यायचं. शकुनला निरोप गेला, तिचं 'येते' म्हणून उत्तर आलं.

आता प्यालाच झाला नाही तर पुढचा थेट दिवाळीनंतर. वॅगन नसल्यामुळे खनिजाचे काळे ढीग उन्हात तापत पडले होते, खाण अर्धी बंद होती, माणसं रिकामी बसली होती. रिकाम्या माणसाचे पाय कुठं वळतात, हे कौशल्याबाईला कोणी शिकवायला नको होतं. जागेश्वर सहा महिने तग धरेल असं तिला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर सहा आठवड्यांचीही तिला खात्री नव्हती.

परतीची एस.टी. खच्चून भरली होती. आगगाडीची सगळी माणसं तिच्यावरच येऊन पडलेली. कंडक्टरनं म्हातारीला मागं पोत्यांच्या थप्पीवर बसवलं. "बस वो माय, मऊ हाये."

पोती कशाची, हे तिला बसताक्षणी कळलं. वाळल्या मोहफुलांचा तो जड, गोड वास तिच्या लुगड्यात, केसांत, घशात शिरला. तिनं पदर नाकाला लावला. गाडी हलायला लागली, ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर येऊन बसलं, आणि पदर नाकावरून कधी ढळला ते तिला कळलं नाही.

ती दहा वर्षांची होती. बापाचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. पहाटेचं निळं उजेडलेलं रान, मोहाखालचा पाला जाळून साफ केलेली जमीन, आणि तिच्यावर टपटप पडणारी फुलं. माय पुढं वाकून वेचत होती आणि मागं न बघता म्हणत होती, "तोंडात नोको टाकू वो." तिनं टाकलं. फूल जिभेवर फुटलं आणि कोमट गोडी घशात उतरली. मग माय नव्हती, रान नव्हतं, नुसती फुलं पडत होती, तिच्या केसांवर, डोळ्यांवर, हळूहळू, आणि तिला कुठंच जायचं नव्हतं. किती वर्षांनी तिला असं वाटलं होतं.

गोबरवाहीच्या वळणावर गाडीनं आचका दिला. कौशल्याबाईनं डोळे उघडले. पोत्याच्या उसवल्या शिवणीतून चार-पाच फुलं तिच्या मांडीवर आली होती. वाळलेली, तांबूस काळी, सुरकुतलेली. तिनं एक चिमटीत धरलं. मनुका आणि ते, शेजारी ठेवलं तर ओळखू येऊ नये.

"देवा बापा," ती पुटपुटली, "हे तूच टाकलं का मांडीवर?" देवानं काही उत्तर दिलं नाही, पण गप्प राहणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, असं तिनं धरून चालायचं ठरवलं. गरजवंताला एवढी मुभा असते.

मोहफुलं मागायला ती शेजारच्या गोदावरीबाईकडे गेली. गोदावरीबाई धानाच्या शेतीवाली, सुनानातवंडांची, दोघींच्या अंगणांत एकच काट्यांचं कुंपण. मुद्द्याचा एक शब्द बोलायला कौशल्याबाईला घटकाभर लागली. आधी ती म्हशीबद्दल बोलली, मग उन्हाबद्दल, मग पुन्हा म्हशीबद्दल.

"बोल ना वो एकदाची," गोदावरीबाई म्हणाली.

"मले शेरभर मोहफूल पायजे."

गोदावरीबाईचा सुपातला हात थांबला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "त्यानं सोडली म्हनत होतीस."

कौशल्याबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. खरं काय ते सांगावं तर हा प्याला म्हणजे काय, मनुका कशाला, सगळं सांगत बसावं लागलं असतं. "मले पायजे," एवढंच ती म्हणाली. गोदावरीबाईनं टोपलीत शेराऐवजी दोन शेर घातली, वर पळसाची पानं झाकली आणि काही न विचारता तिच्या हातात दिली. ते न विचारणं कौशल्याबाईला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती पोचली तशा दोघी बाया बोलता बोलता थांबल्या. एकीनं तिची घागर भरून दिली. इतकी वर्षं कधी कोणी दिली नव्हती. कौशल्याबाई घागर घेऊन घरी न जाता तडक गोदावरीबाईच्या अंगणात शिरली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भैय्यालाल, संप, पाळक, शकुनची अट, सगळं.

गोदावरीबाईनं ऐकलं आणि पदर तोंडात कोंबून हसली. "अवो माय! तुमच्या देवाले आमचं मोहफूल! पन्नास साल नाकं मुरडली तुमी."

"हास. पन तुही चूल पायजे मले. घरी शिजवलं त जागेश्वरले वास जाईन."

"शिजव. मी गाळून देतो का तुले?"

"मीच गाळीन. तो माहा नेम हाये."

मग दोघींनी मिळून फुलं पाखडली, आतले केसर चोळून काढले, तीन पाण्यांनी धुतली. भिजून फुगल्यावर कौशल्याबाईनं ती कुस्करली. मंद आचेवर रटरटू लागली तसा रस तांबडा होत गेला. वारा पडलेला होता. वाफ अंगणातून कुठं जायलाच तयार नव्हती. गोदावरीबाई भिंतीला टेकून पेंगायला लागली, कुत्रा चुलीपाशी येऊन लवंडला, आणि कौशल्याबाई ढवळता ढवळता जे भजन म्हणत होती त्याचं तिसरं कडवं संपून पुन्हा पहिलं केव्हा आलं हे तिला समजलं नाही. आंबण्याआधीचा रस म्हणजे नुसतं गोड पाणी, त्यात नशा नसते; आणि रोज उकळी दिली की रविवारपर्यंत तो आंबणार नव्हता. तिला ते पक्कं ठाऊक होतं. तरी वासाला काय ठाऊक?

जागेश्वर त्या दिवसांत प्रार्थनाघराला चुना मारत होता. खाणीत काम नव्हतं, म्हणून गोमाजीनं त्याला कामाला लावला होता. फुटकी कवेलू बदलायची, वाशांची वाळवी खरवडायची, मग भिंती. दुपारी कौशल्याबाई भाकर घेऊन गेली तेव्हा तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर हात पुढं धरून बसला होता. चुन्यानं बोटं सोलली होती. कुंचल्याचा हात अजून थोडा थरथरत होता. अकरा महिन्यांत ती थरथर पुरती गेली नव्हती.

"माय, शकुन येईन ना?"

"येईन म्हनलं ना तिनं."

तो भाकर खाता खाता थांबला. "प्याला कोन्या हातानं घेतेत वो? दोन्ही हातानं का उजव्यानं? तीन साल झाले, मी इसरलो."

"दोन्ही हातानं. अन् खाली सांडू नोको."

"सांडलं त?"

"नाही सांडत. तू काय पाखरू हायेस का?"

तो हसला. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखाली त्याचे डोळे लहानपणीसारखे दिसले, आणि कौशल्याबाईच्या ओठांवर आलं होतं की बापा, यंदा प्याल्यात काय असणार आहे ते ऐक. पण तो इतका निवांत बसला होता. भिंतींवरून ताज्या चुन्याचा गार वास येत होता. सांगू, संध्याकाळी सांगू, असं म्हणत तिनं डबा बांधला. संध्याकाळी तो दमून झोपला. शुक्रवारीही तेच झालं.

शनिवारी दुपारी सुखराम पाळक आले ते सायकलवर. एस.टी.त पाय ठेवायला जागा मिळेना म्हणून भंडाऱ्याहून दोन दिवस पायडल मारत आले होते. गोमाजीच्या ओसरीवर त्यांनी बादलीत पाय सोडले आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. मग तिन्ही वडील समोर बसले आणि कौशल्याबाईनं रसानं भरलेला पितळी गंज आणून मध्ये ठेवला. झाकण तिनंच काढलं.

गोमाजी वाकला आणि साप दिसल्यासारखा मागं सरला. "कौशल्याबाई! हे मोहाचं हाये!"

"हो भाऊ."

"प्रभूच्या मेजावर मोह? माह्या बापानं हात वर केला होता साहेबापुढं. तुह्याबी बापानं."

"मनुका नाही भेटल्या, भाऊ. पाच दुकानं पायली."

मग पंचायत सुरू झाली. एक वडील म्हणाले, आंब्याचं पन्हं चालेल. दुसरे म्हणाले, मग जांभूळ काय वाईट? जांभूळ अजून पिकायचं होतं. बोलता बोलता टेंभुर्णीच्या फळांपर्यंत गाडी गेली. गोमाजी प्रत्येकाला एकच सांगत होता, की शास्त्रात द्राक्षवेलीचा उपज लिहिलाय, झाडाचं फूल नाही. दिवाळीनंतर करू, देव कुठं पळून नाही चालला. पाळक पाय बादलीतच ठेवून ऐकत होते. थकव्यानं त्यांची मान पुन्हापुन्हा छातीवर येत होती.

वडिलांच्या बैठकीत बाईनं बोलायचं नसतं. कौशल्याबाई तीस वर्षं रस ठेवून निघून जात आली होती. त्या दिवशी ती गेली नाही.

"गोमाजीभाऊ," ती म्हणाली, "देव नाही पळत. पन माहा पोरगा दिवाईलोक दम नाही धरनार. अन् सून आता गाडीत बसली असन. माही नात चालाले लागली, बोलाले लागली, अन् बापाले वळखत नाही ते. तुमी मले मंडळीतून काढा पायजे त. पन उद्या प्याला होऊ द्या."

गोमाजीनं मान खाली घातली. पाळकांनी बादलीतून एक पाय काढला, हाताचं बोट गंजात बुडवून जिभेला लावलं.

"यात नशा नाही," ते म्हणाले. "गोड हाये. जंगलात देवानं वेल नाही लावली, झाड लावलं. चालते."

ठरलं. गोमाजीनं ऐकून घेतलं, कारण पाळकांचा शब्द तो शब्द. पण एक गोष्ट आता सांगायला हवी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला विचारावं, हे त्या पाच जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शास्त्र पाहिलं, शपथ पाहिली, टेंभुर्णीसुद्धा पाहिली, पण जागेश्वरला कोणी पाहिलं नाही.

जागेश्वर त्या वेळी खाणीच्या फाटकापाशी चहा वाटत होता. हे मंडळीचं जुनं काम. पगाराच्या दिवशी फाटक आणि अड्डा यांच्या मधोमध कडुनिंबाखाली चूल मांडायची, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला फुकट चहा द्यायचा, मिशनवाला असो की कोणी असो. उपदेश नाही, पत्रकं नाहीत. चहा पिता पिता माणूस दोन शब्द बोलतो, तोवर घरून कोणीतरी शोधत येतं, आणि दहांतले तीन-चार तरी सरळ घरी जातात. जागेश्वरही याच चहाच्या आधारानं दारूतून सुटला होता. आता तो स्वतः किटली धरून उभा राहायचा आणि ओळखीचा माणूस पुढं सरकला की म्हणायचा, "पे ना गा अजून एक. साखर जास्त टाकली." त्या दिवशी तो दिवे लागेपर्यंत तिथंच होता. शकुन आली तेव्हाही तो घरी नव्हता.

तीही घरी आली नाही. पोरीला कडेवर घेऊन ती गोमाजीच्या घरी उतरली. "मेजावर घेतल्याबिगर त्या घरात पाय नाही ठेवत मी," तिनं सासूला सांगितलं. तिनं पाया पडून सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं. नात आजीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोन?"

रविवारी सकाळी प्रार्थनाघर ताज्या चुन्यानं इतकं उजळलं होतं की आत शिरणारा प्रत्येक जण पापण्या मिचकावत होता. बाया चटयांवर, गडी बाकांवर. पाळकांनी प्रार्थना केली, वचन वाचलं, मग गोमाजी उभा राहिला आणि म्हणाला, "जागेश्वर पुढच्या बाकावर येवो." जागेश्वर भिंतीपासून उठला. सहा बाकांचं अंतर चालायला त्याला फार वेळ लागला. त्याच्या सदऱ्याची घडी अजून मोडली नव्हती.

भाकर फिरली. त्यानं तुकडा घेतला, खाल्ला. शकुननं चटईवरून ते पाहिलं आणि पोरीचा फ्रॉक उगाच सारखा केला.

मग गोमाजीनं प्याला उचलला आणि बाकाच्या कडेला दिला. प्याला निघाला आणि त्याच्याबरोबर वास निघाला. पहिला म्हातारा प्यायला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्यानं आत डोकावून पाहिलं. उन्हाची एक तिरीप खिडकीतून बाकावर पडली होती, तिच्यातून प्याला या हातातून त्या हातात चालला होता, अगदी सावकाश, आणि कौशल्याबाईला वाटलं की तो कधी पोचूच नये, असाच उजेडातून फिरत राहावा, आणि आपण पोत्यावर बसून पेंगत राहावं.

जागेश्वरनं दोन्ही हात पुढं केले. प्याला हातात आला. त्याचं नाक एकदा फुललं.

तेव्हा कौशल्याबाईला कळलं. सगळं एकदम कळलं. रसात नशा नव्हती, पण वास तोच होता. अड्ड्याचा, फाटलेल्या सदऱ्याचा, विस्कटलेल्या मेजाचा. अकरा महिने ज्याच्यापासून तो पळत होता ते आपण तीन पाण्यांनी धुऊन, गाळून, देवाच्या नावानं त्याच्या हातात दिलं. तिला ओरडावंसं वाटलं.

जागेश्वर प्याल्यात पाहत होता. त्याच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर घाम आला. हात थरथरत होते आणि रस काठाला लागत होता, पण सांडत नव्हता. बाहेर कुठं तरी होला घुमत होता.

त्यानं प्याला ओठांपर्यंत नेलाच नाही. तसाच, दोन्ही हातांनी, शेजारच्याकडे दिला.

गोमाजी बाकाच्या टोकाशी उभा होता. त्यानं ते पाहिलं. त्याच्या कडक चेहऱ्यावर आधी राग आला, मग काही तरी उलगडल्यासारखं झालं, आणि मग तो चेहरा पाहवेना. म्हातारा आपला एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून उभा राहिला.

प्याला बायांकडे आला. शकुननं एक घोट घेतला, थांबली, आणि मान वर करून पुढच्या बाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग प्याला सासूकडे दिला. कौशल्याबाई प्यायली. दहाव्या वर्षानंतर ती चव जिभेवर आली होती. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

प्याला मेजावर परत गेला. शेवटचं एक विचारायचं असतं ते पाळकांनी विचारलं. "मेजावर बसलेल्यांतून कोनी राहिलं का?"

त्याचं उत्तर वडिलांनी द्यायचं असतं. पुढच्या बाकावर जागेश्वर हलला, बाकाला हात टेकून उठायला लागला. खोटं बोलून मेजावर बसणारा तो नव्हता. त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गोमाजी दोन पावलं पुढं आला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ज्यानं बाजारातसुद्धा खोटा भाव सांगितला नव्हता, त्यानं जागेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"कोनी राहिलं नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, "साऱ्याइले पोचला."

पाळकांनी त्याच्याकडे पाहिलं, जागेश्वरकडे पाहिलं, आणि डोळे मिटून आशीर्वाद म्हटला.

बाहेर पांगाऱ्याच्या सावलीत माणसं उभी राहिली. कौशल्याबाई भिंतीशी उभी होती. ताज्या चुन्यानं तिची पाठ पांढरी झाली होती. जागेश्वर तिच्यापुढं येऊन थांबला.

"मले सांगाले पायजे होतं, माय."

"हो बापा. चुकलं माहं."

"हातात आला तवा माहे पाय गेले." त्यानं तळहात पाहिले. "मी नाही पेलो."

"पायलं मी."

शकुन पोरीला घेऊन येत होती. डोक्यावर तिचं बोचकं होतं. मेजावर घेतील त्या दिवशी येईन, असं ती म्हणाली होती, आणि हा तर प्याला न पिताच उठला होता. बपेऱ्याची गाडी दुपारी होती. शकुन नवऱ्यासमोर उभी राहिली. त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग कडेवरची पोरगी उचलून त्याच्या हातांत दिली.

पोरगी रडायच्या बेतात आली, आणि मग त्याच्या भुवईतला चुना बोटानं खरवडायला लागली.

"मामीजी," शकुन म्हणाली, "घरी काय रांधलं?"

"काही नाही वो. आज काही सुचलंच नाही."

"मंग चला. चौघाइचा भात टाकतो मी."

आणि डोक्यावरचं बोचकं सावरत ती घराच्या वाटेनं पुढं चालायला लागली.